गाळून वाचू नकोस

२८ एप्रिल

प्रिय वन्सं,

हिरव्या शाईतलं पत्र बघून दचकू नकोस. सुट्टी लागल्यापासून घरातली निळी पेनं बेपत्ता आहेत. त्यांच्या नळ्यांचे खांब करून धाकटीने बाहुलीला तीन मजली घर बांधलंय. दिवसभर तिची ती गुणगुण चालू असते, म्हणून आता तिला सगळे भुंगाच म्हणतात. खालचा लाँड्रीवालासुद्धा.

नऊ दिवस झाले शाळा बंद होऊन, आणि माझ्या घुबडाला अजून नोकरी लागलेली नाही. माझ्या नव्या पुस्तकात घुबडाला दिवसपाळीची नोकरी लागते आणि ते सारखं पेंगतं, एवढंच कथानक आहे. महिनाभरात ते संपादक बाईंच्या हातात द्यायचंय. लोकांना वाटतं, मुलांसाठी लिहिणाऱ्या बाईची मुलं घरी असली की तिला विषयच विषय. खरं सांगू का, मुलं घरी असली की मला मुलांबद्दल काही चांगलं सुचत नाही. जेवणाच्या टेबलावर बाहुलीचं बांधकाम, म्हणून मी इस्त्रीच्या टेबलावर लिहिते. ते उंच, त्यामुळे उभं राहून लिहावं लागतं. वाक्यं आपोआप आखूड होतात. तुझा दादा पुलांच्या तपासणीला गेला की चार-चार दिवस फिरकत नाही, आला की विचारतो, "घुबड उठलं का?"

सुट्टी लागली तशी मी घर आवरायला काढलं. माळे, कपाटं, औषधांचे कप्पे, सगळं. दोन पोती कचरा निघाला. लिहिणं टाळण्यासाठी हे सगळं केलं, ते तुला सांगायला नको.

पण पत्र लिहायला बसले ते बाबांसाठी. हिवाळ्यात तुझ्याकडे डोंगरावर दीड महिना राहून आले तेव्हापासून ते बदललेत. आधी मला वाटलं, माझ्यावर रागावलेत. वर्तमानपत्र स्वतः वाचत नाहीत. थोरलीला वाचायला लावतात. म्हणे, तिचे उच्चार सुधारायला हवेत. रोज सकाळी नऊ ते अकरा दोघं बाल्कनीत, दार लावून. मी चहा घेऊन गेले की आतली कुजबूज थांबते. अकरा वर्षांची मुलगी सुट्टीत मैत्रिणी सोडून आजोबांपाशी बसते, याचं कौतुक करावं की काळजी, मला कळत नाही.

आणि दुसरीकडे, घुबडाची पहिली सहा प्रकरणं मी त्यांना नेहमीसारखी तपासायला दिली होती, ती परत आली. वन्सं, मी उडालेच. छापखान्यात चाळीस वर्षं मुद्रितं वाचलेला हा माणूस, वेलांटी चुकली तर त्याला जेवण जात नसे. नऊ पुस्तकं मी त्यांच्या लाल पेन्सिलीखालून काढली, एकदाही बरा शब्द नाही. या वेळी समासात लिहिलंय, 'इथे हसू आलं.' एके ठिकाणी तर 'शाब्बास.' तेही ज्या परिच्छेदाची मला स्वतःला लाज वाटत होती तिथे.

तुझ्याकडे काही झालं होतं का? आजारी वगैरे पडले होते? खरं सांग.

तुझी वहिनी

*

४ मे

प्रिय वहिनी,

पोस्टाची गाडी आठवड्यातून दोनदाच वर येते, त्यात एकदा तिचं चाक निखळलं, म्हणून उशीर. इथे धुकं आहे. सकाळी सहाला वाऱ्याचा वेग नोंदवायला गच्चीवर जाते तेव्हा स्वतःचा हात दिसत नाही. मी 'दृश्यमानता शून्य' असं लिहून खाली येते आणि चहा पिते. याला लोक नोकरी म्हणतात.

बाबांचं म्हणशील तर वय झालं, दुसरं काय. शहात्तर म्हणजे काही कमी नाही. इथे थंडीने थोडे गारठले होते, दोन दिवस झोपून होते, मग बरे झाले. तू उगाच मनाला लावून घेतेस. कौतुक केलं तर संशय, नाही केलं तर रडणं. तुम्हा लेखकांना सासरा तरी कसला हवा?

थोरली त्यांच्यापाशी बसते तर बसू दे. तिला उठवू नकोस. डोळे थकतात त्यांचे, बारीक अक्षर पुढे करू नकोस. आणि एक. तू कप्पे आवरलेस म्हणतेस, तर त्यांच्या गोळ्या होत्या तिथेच परत ठेव. अगदी डावीकडच्या होत्या तर डावीकडेच. म्हाताऱ्या माणसांना सवयीच्या जागा लागतात. विसरू नकोस हं.

घुबडाला नोकरी लागलीच तर त्याला हवामान खात्यात घालू नकोस. इथे आधीच एक आहे.

तुझी नणंद

*

९ मे

प्रिय वन्सं,

तुझं पत्र वाचून हसले. तीन हजार फुटांवर बसून तुला माझ्या औषधांच्या कप्प्याची काळजी. डावीकडचं डावीकडे, उजवीकडचं उजवीकडे. तू बाबांचीच मुलगी शोभतेस. अगं, गोळ्यांच्या पाकिटांवर नावं छापलेली असतात. आता प्रत्येकाची औषधं वेगळ्या डब्यात आहेत, वर चिठ्ठ्या चिकटवल्यात, सुवाच्य अक्षरात. बाबांना दाखवलं तर ते बराच वेळ कप्प्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "छान केलंस." दोन शब्द. मी समजले, आवडलेलं नाही.

दुसरी गंमत ऐक. संपादक बाईंचा फोन आला होता. सहा प्रकरणं वाचून म्हणाल्या, "सासरेबुवांची तब्येत बरी आहे ना?" मी विचारलं, का? म्हणाल्या, "ऱ्हस्वदीर्घाच्या अकरा चुका राहिल्यात. त्यांच्या हातून एक सुटत नाही." मी कागद काढून बघितले. अकराच्या अकरा माझ्या चुका, आणि एकीभोवतीही लाल वर्तुळ नाही. शेजारीच मात्र त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलंय, 'पोरं असंच बोलतात. बदलू नये.' म्हणजे बघ, म्हातारपणी माणूस मऊ होतो म्हणतात ते खरं. मला भरून आलं. त्या चुका मी गुपचूप दुरुस्त केल्या, त्यांना बोलले नाही.

थोरलीचं मात्र मी ऐकणार नाही. पोहण्याच्या वर्गाला तिचं नाव घातलं होतं तर म्हणे, "मी नाही जाणार, आजोबा एकटे पडतात." मी म्हटलं, "आजोबा काय कुकुलं बाळ आहेत?" तिचे डोळे भरले. काहीतरी सांगेल असं वाटलं, पण बाबा दारातून म्हणाले, "जा पोरी. मी सांभाळतो." तेव्हा गेली. रोज दुपारी दोन ते चार. सुट्टीत मुलीच्या अंगाला पाणी लागू नये म्हणजे काय?

भुंग्याच्या अंगावर पित्ताच्या गांधी उठल्यात. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, दुपारी जेवणानंतर अर्धी. खाजवत खाजवत गुणगुणते, सूर जरा थरथरतो एवढंच. गुरुवारी मला प्रकाशकांकडे चित्रकाराला भेटायला जायचंय. त्याने घुबडाला चष्मा काढलाय आणि तो मला नकोय. बाबा आहेत घरी, म्हणून निर्धास्त जाते.

तुझी वहिनी

*

१६ मे

भुंगा जिवंत आहे. हे आधी लिहिते, कारण दादाने तुमच्या ऑफिसच्या फोनवर अर्धवट सांगितलं आणि लाइन तुटली. तुझ्याशी बोलायला मला दिला होता त्याने फोन. मी घेतला नाही.

काय झालं ते क्रमाने लिहिते. मला क्रमाने लिहिता येतं, माझा धंदाच तो आहे.

गुरुवारी दीडला मी निघाले. दोनला थोरली पोहायला गेली. जाताना तिने आजोबांना विचारलं होतं, "भुंग्याची गोळी मी देऊन जाऊ का?" भुंगा अजून जेवत होती. बाबा म्हणाले, "तू जा, उशीर होईल. मी देतो." तिने कप्पा उघडून बोटाने डबा दाखवला आणि पळाली. ती गेल्यावर भुंग्याने त्यातले सगळे डबे खाली काढले, मनोरा करायला. बाबांनी ते परत आत ठेवले. कुठला कुठे, ते त्यांनाच माहीत नाही. चिठ्ठ्या होत्या, वन्सं. माझ्या सुवाच्य अक्षरातल्या.

त्यांनी तिला स्वतःची मधुमेहाची गोळी दिली. अर्धी नाही. अर्धी मोडेना, लहानशी होती, म्हणून अख्खी.

तासाभराने त्यांच्या लक्षात आलं की घर शांत आहे. नंतर त्यांनी मला एवढंच सांगितलं, "गुणगुण थांबली." ती बाहुलीच्या घरापाशी पालथी पडली होती, घामाने भिजून, हाक मारली तर डोळे उघडेना. त्यांनी फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. तो का, हे तुला कळेल. मग तिला उचललं. वन्सं, हा माणूस जिन्याला हात धरल्याशिवाय उतरत नाही. तो सहा वर्षांची मुलगी उचलून दोन मजले उतरला. खाली लाँड्रीची गाडी उभी होती, तिच्यातल्या चादरींच्या गाठोड्यांवर तिला घालून दवाखान्यात नेलं. निघताना गोळ्यांचं पाकीट मात्र खिशात टाकलं. तेवढ्याने ती वाचली, असं डॉक्टर म्हणाले.

शेजारणीचा फोन आला तेव्हा मी चष्म्यावरून वाद घालत होते. पोचले तेव्हा भुंग्याच्या हाताला सलाईन होतं आणि बाबा भिंतीला पाठ लावून उभे. तरुण डॉक्टरीण त्यांना विचारत होती.

"आजोबा, ही गोळी तुम्ही दिलीत?"

"पित्ताची. तिचीच आहे."

"यावर काय लिहिलंय ते वाचा बरं."

बाबांनी पाकीट हातात घेतलं. डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, उलटं केलं. मला आला राग. म्हटलं, "बाबा, चष्मा घातलाय तुम्ही. वाचा ना." ते वाचत नव्हते. पाकिटाकडे बघत होते, जसं आपण बंद दाराकडे बघतो.

तेवढ्यात थोरली आली, शेजारणीबरोबर, ओल्या केसांनी. तिने त्यांच्या हातातून पाकीट काढून घेतलं आणि डॉक्टरणीला म्हणाली, "त्यांना वाचता येत नाही. त्यांना ओरडू नका. माझं चुकलं, मी घरी असायला पाहिजे होतं."

मी म्हटलं, "काय बोलतेस तू? आजोबांना वाचता येत नाही?"

"हिवाळ्यापासून येत नाही. मी वाचते त्यांच्यासाठी."

चाळीस वर्षं ज्याने दुसऱ्यांच्या चुका वाचल्या, तो माणूस माझ्यासमोर उभा होता आणि त्याला 'गोळी' हा शब्द वाचता येत नव्हता. बाल्कनीचं बंद दार, अकरा चुका, सगळं एकदम अंगावर आलं. माझी सहा प्रकरणं माझ्या मुलीने त्यांना वाचून दाखवली होती. त्यांनी फक्त तिने बोट ठेवलं तिथे लिहिलं. लिहिता येतं त्यांना. आणि माझी मुलगी चार महिने हे ओझं घेऊन घरात फिरली आणि मी तिला म्हणाले, आजोबा काय कुकुलं बाळ आहेत.

मी त्यांना विचारलं, "घरात कुणालाच माहीत नव्हतं?"

ते म्हणाले, "घरात नाही." मग म्हणाले, "तिकडे माहीत आहे. तिला मी गप्प बसवली. तिला बोलू नकोस."

तुला माहीत होतं. मला तू लिहिलंस, गारठले होते. लिहिलंस, डावीकडचं डावीकडे ठेव. सगळं माहीत असून एवढंच लिहिलंस, आणि वर घुबडाचा विनोद केलास. आणि मी ते पत्र वाचून हसले. माझ्या हसण्याचं काय करायचं ते मी बघेन. तुझ्या पत्राचं काय करू?

भुंग्याला दोन रात्री ठेवून घेतलं. साखर सारखी खाली जात होती. आज घरी आणली. उत्तर लिहायची घाई नको.

*

२२ मे

वहिनी,

घाई नको लिहिलंस तरी लिहिते आहे. माफी मागत नाही, ती मागायला तिथे येऊन उभं राहावं लागेल. काय झालं तेवढं सांगते.

जानेवारीत एका सकाळी बाबा पलंगावर वर्तमानपत्र घेऊन बसले होते. मला म्हणाले, "हे कुठल्या भाषेतलं आणलंस?" मला वाटलं थट्टा करताहेत. मग त्यांनी पेन मागितलं आणि कागदावर स्वतःचं नाव लिहिलं, नेहमीच्या वळणदार अक्षरात. लिहून झाल्यावर कागद माझ्यापुढे केला. "मी काय लिहिलंय?" असं मला विचारलं त्यांनी. त्या चेहऱ्याने मला आजपर्यंत झोपेतून उठवलंय.

खालच्या गावातल्या डॉक्टरांनी तपासलं. मेंदूच्या मागच्या भागात रक्त पोचलं नव्हतं, छोटा झटका. बोलणं ठीक, चालणं ठीक, लिहिणंसुद्धा ठीक. वाचणं तेवढं गेलं. असं होतं म्हणाले, क्वचित. मोठ्या दवाखान्यात दाखवा, सरावाने थोडं परत येतं, असंही म्हणाले. ते मी केलं नाही.

परत येताना जीपमध्ये बाबांनी माझा हात धरला. म्हणाले, "सूनबाईच्या घरात मी तिची पुस्तकं वाचतो म्हणून माझी खुर्ची आहे. हे कळलं तर खुर्ची राहील, पण मी त्यात आजारी माणूस म्हणून बसेन. सांगू नकोस." मी शब्द दिला.

आता यापुढचं मी कुणाला सांगितलेलं नाही. शब्द दिला म्हणून मी गप्प बसले, असं तुला वाटत असेल, दादालाही. ते पूर्ण खरं नाही. मी सांगितलं असतं तर दादा म्हणाला असता, त्यांना हलवू नकोस, त्या डॉक्टरांजवळ राहू दे, तू एकटीच आहेस, तुला काय. आणि ते माझ्याकडे राहिले असते. वहिनी, मला ते नको होतं. दीड महिन्यात मी थकले होते. माझ्या एका खोलीत, माझ्या धुक्यात, मला एकटीला राहायची सवय झालीय. ते गेले तेव्हा पोस्टाच्या गाडीतून हात हलवत होते आणि मी मनात म्हटलं, सुटले.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मी खरं लिहायला बसले होते. दोन पानं लिहिली, फाडली, आणि धुक्याचं लिहिलं. कप्प्याचा भाग सुचला तेव्हा वाटलं, चला, सांगितल्यासारखं झालं. सांगितल्यासारखं करणं आणि सांगणं यात सहा वर्षांची मुलगी मरता मरता वाचली.

हे पत्र दादाला दाखव.

*

५ जून

वन्सं,

दहा दिवस तुझं पत्र पिठाच्या डब्यामागे ठेवलं होतं. दादाला दाखवलं. तो वाचून बाहेर गेला, तासाभराने आला आणि म्हणाला, "मी तसंच म्हणालो असतो. तू एकटीच आहेस, तुला काय."

इथलं सांगते. भुंगा दोन दिवसांत उड्या मारायला लागली. मुलं अशीच असतात, घाबरायचं काम मोठ्यांवर टाकून मोकळी होतात. बाबा मात्र तिच्या खोलीत पाय ठेवेनात. ती आली की उठून जायचे. शेवटी ती त्यांच्या खुर्चीपुढे कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "आजोबा, मी तुम्हाला काय केलं?" ते रडले, वन्सं. बाबांना रडताना मी प्रथमच पाहिलं. आवाज न करता, नुसती मान हलवत.

मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या बाईंनी त्यांना एक युक्ती शिकवलीय. अक्षर बघायचं नाही, बोटाने गिरवायचं. हाताला आठवतं, डोळ्याला नाही. एक शब्द लागायला मिनिट लागतं. बाई म्हणाल्या, पुस्तक वाचण्याइतकं येईल असं सांगता येत नाही. औषधांच्या कप्प्याला कुलूप लावायचं बाबांनीच सुचवलं, आणि किल्ली माझ्या हातात दिली. "मला मुलींबरोबर एकटं ठेवू नकोस," म्हणाले. मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. कारण ते बरोबर होतं.

आता दुसरा धक्का ऐक. घुबडाचे कागद परत काढले. थोरलीला म्हटलं, आता चोरून नको, माझ्यासमोर वाच, आजोबांना कुठे हसू आलं ते मला ऐकायचंय. ती चुळबुळ करायला लागली. मग वाचायला लागली, आणि मी ऐकतच राहिले. ते माझं नव्हतं. माझं घुबड नोकरीच्या मुलाखतीतच पेंगतं आणि साहेब रागावतो, दीड पान. ती वाचत होती ते घुबड डोळे उघडे ठेवून झोपतं, आणि त्याचं काम इतकं चांगलं होतं की त्याला बढती मिळते. 'शाब्बास' त्याला होतं.

मी म्हटलं, "इथे असं लिहिलेलं नाहीये."

"माहितेय."

"मग जे लिहिलंय ते का नाही वाचलंस?"

"आजोबांना झोप येत होती." मग खाली बघून म्हणाली, "मलासुद्धा."

नऊ पुस्तकं, वन्सं. शाळाशाळांतून मुलं मला पत्रं पाठवतात. आणि माझ्या घरात माझं लिहिणं ऐकून एक म्हातारा आणि एक मुलगी जांभया देत होते आणि मला कळू देत नव्हते. मी चिडले नाही. चिडायला आधी श्वास लागतो. बाबांनाही तेव्हाच कळलं की चार महिने त्यांना दुसरंच काहीतरी ऐकवलं गेलं. ते थोरलीला म्हणाले, "पेपरसुद्धा?" ती म्हणाली, "अपघात गाळायचे."

मी सहाही प्रकरणं बाजूला ठेवली. पुस्तक आता पुढच्या वर्षी. संपादक बाईंना खरं कारण सांगितलं.

पण हे पत्र मी त्यासाठी लिहीत नाहीये. काल जेवणानंतर बाबांनी विचारलं, "तिकडून पत्र आलं असेल ना? कुणी मला बोललं नाही." मी म्हटलं, आलंय. "मग वाच."

मी वाचायला लागले. जीपपर्यंत आले. त्यापुढचा परिच्छेद दिसला आणि मी थांबले. पान उलटून शेवटचं वाचावं, की मधलं आपल्या शब्दांत काहीतरी सांगावं. सुचलं होतं मला. कथा रचणं मला जमतं. त्यांना कधीच कळलं नसतं.

ते म्हणाले, "थांबलीस का? जे लिहिलंय ते वाच. गाळून वाचू नकोस. आता यापुढे मला कुणीही गाळून वाचायचं नाही."

मी वाचलं. 'सुटले' पर्यंत, सगळं. माझाच आवाज मला ऐकवेना. त्यांनी हात मांडीवर ठेवले होते, ते तसेच राहिले. मग म्हणाले, "मला कागद दे." लिहिलेलं मी पाहिलेलं नाही. पाकीट त्यांनीच चिकटवलं, या पत्रासोबत पाठवते आहे.

मी तुझ्यावर अजून रागावलेली आहे. तरी ये.

वहिनी

*

४ जून

बेटी,

हे पत्र मी लिहितो आहे, पण वाचू शकणार नाही. लिहिलेला शब्द परत बघून सुधारायचा, हे माझं आयुष्यभराचं काम. आता लिहिलं की ते माझ्या हातून गेलं. तेव्हा कुठे चुकलं असेल तर सांभाळून घे.

तुझं पत्र सुनेने वाचलं. पूर्ण वाचलं. मी तिला भाग पाडलं.

तू मला घालवून मोकळी झालीस, याचं मला दुःख झालं. झालं नाही असं लिहिणार होतो, पण मग सगळ्यांना खरं वाचायला सांगून मीच खोटं लिहिल्यासारखं होईल. झालं. समोर ठेवलेला चहा गेला नाही. पण गप्प बस असं मीच तुला सांगितलं. थोरलीलाही मीच अडकवलं, आणि धाकटीच्या तोंडात गोळी माझ्या हाताने गेली. त्या दुपारी मी पाकीट हातात घेतलं तेव्हा मला माहीत होतं की मला माहीत नाही. शेजारच्या दारावर थाप मारून विचारता आलं असतं, बाई, हे काय आहे वाचून सांगता का. तीन पावलांवर दार होतं. मला लाज वाटली. मी अंदाजाने दिली.

हे मी दवाखान्यात कुणाला सांगितलं नाही. डबे हलले म्हणून चुकलो, असं सगळे समजतात आणि सूनबाई स्वतःच्या आवरण्याला दोष देते. तिला सांगायचं माझ्या तोंडून होत नाही. म्हणून तुला लिहिलं. तू आलीस की हे पत्र तिला वाचून दाखव, मी समोर बसलेला असताना. मी उठून जाणार नाही.

बाबा